दोन पाहुणे, एक लय

१२ जानेवारी १९२८, गुरुवार. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची मैफल होती. ऐन हिवाळा, संगीताचा हंगाम रंगात आलेला. त्या रात्री मंचावर दोन पाहुणे होते आणि दोघांचीही अमेरिकेतली ती पहिलीच हजेरी होती. कंडक्टर होता इंग्लंडचा सर थॉमस बीचम, वय ४८, लंडनच्या संगीतविश्वातलं बडं प्रस्थ. पियानोवर होता व्लादिमिर होरोविट्झ, वय २४, क्यीवमध्ये वाढलेला आणि १९२५ मध्ये सोव्हिएत देश सोडून युरोपात आलेला. वाजवायचा होता रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो.

मैफल गाजली आणि तिची आठवण आजही निघते. त्यामागचं कारण मात्र थोडं विचित्र आहे. शेवटच्या भागात पियानो पुढे निघून गेला, वाद्यवृंद मागे राहिला आणि होरोविट्झने इतरांच्या काही मात्रा आधीच शेवट गाठला. श्रोत्यांनी हॉल डोक्यावर घेतला. न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक ओलिन डाउन्स याने त्या वादनाला वादळाची उपमा दिली. एका रात्रीत होरोविट्झचं नाव अमेरिकाभर झालं.

मंचावर ऐंशीच्या आसपास वादक, त्यांच्यापुढे छडी घेतलेला कंडक्टर आणि सर्वांच्या पुढे पियानोवर बसलेला एकलवादक. असं असताना लय नक्की कोणाची? पाश्चात्त्य अभिजात संगीतातला हा कळीचा प्रश्न आहे. पाहुणा कंडक्टर आणि पाहुणा पियानोवादक एकत्र आले की तो जास्तच टोकदार होतो, कारण वाद्यवृंदाला दोघेही नवे असतात आणि अनेकदा एकमेकांनाही.

कॉन्चेर्टो म्हणजे काय

कॉन्चेर्टो ही एकलवादक आणि वाद्यवृंद यांनी मिळून वाजवायची रचना. बहुधा तिचे तीन भाग असतात: पहिला मोठा आणि भारदस्त, दुसरा संथ, तिसरा द्रुत. आपल्या मैफलीत सतारवादक लय धरतो आणि तबलजी ती ओळखून साथ करतो. कलावंताने लय किंचित वाढवली तर तबल्याला ते क्षणात कळतं, कारण दोघेच असतात आणि शेजारी बसलेले असतात. हेच ऐंशी जणांना करायला सांगितलं तर? प्रत्येकाने आपापल्या कानाने पियानोचा अंदाज घ्यायचा ठरवला, तर ऐंशी वेगवेगळे अंदाज निघतील. म्हणून कंडक्टर लागतो. तो एकलवादकाची लय आधी ओळखतो आणि हाताच्या हालचालीतून सर्वांना दाखवतो. छडी खाली येते तेव्हा पहिली मात्रा पडते, पण खरी माहिती त्याआधी वर जाणाऱ्या छडीत असते. ती किती वेगाने वर गेली यावरून पुढची मात्रा कधी येणार, हे वादकाला आधीच कळतं.

चायकोव्हस्कीच्या या रचनेला दोन बासऱ्या, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बसून, चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, टिंपनी आणि भलामोठा तंतुवाद्यांचा ताफा लागतो. सुरुवातच हॉर्नच्या खणखणीत स्वरांनी होते. मग पियानो खर्जापासून तारापर्यंत भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर, वाजवत येतो आणि त्यावर व्हायोलिन आणि चेलो एक विस्तीर्ण धून धरतात. ही जगभर ओळखीची झालेली धून रचनेत पुन्हा कधीच येत नाही. मुख्य म्हणजे या प्रसिद्ध सुरुवातीत धून वाद्यवृंदाकडे आहे आणि पियानो साथीला आहे. कोण पुढे आणि कोण मागे याची अदलाबदल पहिल्या मिनिटापासूनच सुरू होते.

या रचनेचं आयुष्यही भांडणाने सुरू झालं. १८७४ च्या नाताळात, रशियातल्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे २४ डिसेंबरला, चायकोव्हस्कीने ती मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या एका वर्गखोलीत निकोलाय रुबिनश्टाइनला वाजवून दाखवली. रुबिनश्टाइन तिथला प्रमुख आणि स्वतः नावाजलेला पियानोवादक होता. त्याने रचनेवर सडकून टीका केली. ती वाजवण्यासारखीच नाही, बरंच काही बदलावं लागेल, असं त्याचं मत पडलं. चायकोव्हस्कीने एकही स्वर बदलायला नकार दिला आणि रचना जर्मन पियानोवादक हान्स फॉन ब्युलोला अर्पण केली.

ब्युलोने ती २५ ऑक्टोबर १८७५ रोजी अमेरिकेत, बोस्टनला, पहिल्यांदा वाजवली. वाद्यवृंद लहान होता आणि तालमी अपुऱ्या. पहिल्या भागाच्या मध्यावर ट्रॉम्बोनवाले चुकीच्या जागी शिरले आणि ब्युलोने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचा उद्धार केला, अशी आठवण अमेरिकी संगीतकार जॉर्ज चॅडविक याने सांगितली आहे. तरीही बोस्टनच्या श्रोत्यांनी शेवटचा भाग पुन्हा वाजवून घेतला. पुढे खुद्द रुबिनश्टाइनने आपलं मत बदललं. त्याच वर्षी मॉस्कोत या रचनेचं संचालन त्याने केलं आणि नंतर ती पियानोवरही वाजवली. १८९१ च्या मे महिन्यात कार्नेगी हॉलचं उद्घाटन झालं, तेव्हा चायकोव्हस्की पाहुणा म्हणून न्यूयॉर्कला आला होता आणि याच कॉन्चेर्टोचं संचालन त्याने त्या मंचावर केलं. होरोविट्झ आणि बीचम ३७ वर्षांनी त्याच मंचावर उभे राहिले.

चार दिवसांत जमवायचं

युरोप-अमेरिकेत वाद्यवृंदांचा हंगाम साधारण सप्टेंबरात सुरू होतो आणि मे-जूनपर्यंत चालतो. हिवाळा हा त्याचा गाभा. दर आठवड्याला नवा कार्यक्रम असतो. मुख्य संचालक वर्षातले काही आठवडेच सांभाळतो, बाकीच्या आठवड्यांना पाहुणे येतात. पाहुण्याच्या वाट्याला साधारण अडीच तासांच्या तीन-चार तालमी येतात आणि त्यातही कॉन्चेर्टोला एखाद-दुसरीच, कारण त्याच कार्यक्रमात एखादी ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची छोटी रचना, आणि मध्यंतरानंतरची सिम्फनीही असते.

म्हणून वाद्यवृंदासमोर जाण्याआधी कंडक्टर आणि पियानोवादक बहुतेक वेळा वेगळे बसतात. पियानोवादक वाजवतो, कंडक्टर संपूर्ण स्वरलिपी समोर ठेवून ऐकतो आणि जागोजाग खुणा करतो. इथे किंचित थांबणार, इथे श्वास घेणार, ही धावती सरगम संपली की लगेच वाद्यवृंदाने यायचं. मोठ्या पियानोवादकाबरोबरच्या या तासाभराच्या बैठकीत निम्मी मैफल ठरून जाते.

वादकांच्या हातात काय असतं, तेही पाहण्यासारखं आहे. संपूर्ण स्वरलिपी फक्त कंडक्टरकडे असते. वादकाच्या स्टँडवर फक्त त्याच्या वाद्याची ओळ असते आणि बाकीच्या जागी नुसते विराम. तिसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याच्या कागदावर लांबलचक विराम आणि मधेच काही स्वर, एवढाच मामला. त्याने मात्रा मोजत बसायचं आणि नेमक्या क्षणी पूर्ण दमाने फुंकायचं. लांब विराम संपत आला की कागदावर दुसऱ्या एखाद्या वाद्याची धून बारीक टाइपात छापलेली असते. ती ऐकू आली की सज्ज व्हायचं. व्हायोलिनच्या कागदांवर पेन्सिलीच्या खुणांचं जाळं असतं: गज कुठे वर, कुठे खाली. प्रमुख व्हायोलिनवादक हे ठरवतो आणि त्याच्या खुणा इतर सर्व प्रतींवर उतरवल्या जातात, म्हणून व्हायोलिनचे सर्व गज एका दिशेने चालतात. आधीच्या कंडक्टरच्या काळातल्या खुणाही त्यात असतात. नव्या पाहुण्याची लय वेगळी असेल तर या जुन्या सवयी मोडाव्या लागतात आणि वेळ तर कमी असतो.

मंचावरची अडचण

आता मंचाकडे पाहू. पियानो सर्वांत पुढे येतो. हे नऊ फुटी वाद्य वजनाने अर्ध्या टनाच्या आसपास असतं आणि त्यातल्या तारांचा एकत्रित ताण सुमारे २० टन भरतो. तेवढ्या ताकदीशिवाय ते ऐंशी वाद्यांपुढे टिकलंच नसतं. पियानोवादक उजवी बाजू श्रोत्यांकडे करून बसतो. झाकण श्रोत्यांच्या दिशेने उघडतं आणि आवाज सभागृहात फेकतं. श्रोत्यांच्या हे सोयीचं असतं, वादकांच्या मात्र गैरसोयीचं, कारण झाकणाच्या मागे बसलेल्यांना पियानो नीट ऐकू येत नाही. कंडक्टर पियानोच्या पलीकडे, म्हणजे पियानोवादकाच्या डावीकडे उभा असतो. दोघांना एकमेकांकडे पाहायचं तर पियानोवादकाने मान वळवायची आणि कंडक्टरने वाद्यवृंदावरची नजर काढायची.

त्यात आवाजाचा वेग. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पियानोपासून १७ मीटरवर बसलेल्या वादकाला पियानोचा स्वर सेकंदाच्या पाच शतांशाने उशिरा ऐकू येतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण द्रुत भागात पियानोवादक सेकंदाला दहा स्वर वाजवत असेल, तर ती अर्ध्या स्वराची चूक झाली. मागच्या वादकाने पियानो ऐकून वाजवायचं म्हटलं तर तो उशिराच वाजवणार. त्याने कानापेक्षा डोळ्यावर, म्हणजे छडीवर भरवसा ठेवायचा असतो. प्रकाशाला असा उशीर होत नाही.

हिवाळा स्वतःच्या अडचणी घेऊन येतो. गरम केलेल्या खोल्यांतली हवा कोरडी पडते. पियानोच्या आतला लाकडी ध्वनिफलक त्या हवेत आकसतो आणि स्वर उतरतात, म्हणून तंत्रज्ञ मैफलीच्या दिवशी पियानो पुन्हा जुळवतो. फुंकवाद्यांचं उलट असतं. थंड वाद्यातून स्वर उतरता निघतो, म्हणून बासरी-क्लॅरिनेटवाले मंचावर आधी येऊन वाद्य फुंकून गरम करतात. एरवी ओबोच्या स्वरावर सर्व जण जुळवून घेतात. पियानो मंचावर असेल तर प्रमाण पियानोचं, कारण त्याच्या तारा ऐन वेळी हलवता येत नाहीत. प्रमुख व्हायोलिनवादक उठून पियानोची एक पट्टी दाबतो आणि सगळा वाद्यवृंद त्या स्वराला लागतो.

त्या रात्री काय झालं

आता पुन्हा १९२८ कडे. बीचम स्मरणशक्तीसाठी प्रसिद्ध होता आणि समोर स्वरलिपी न ठेवता संचालन करणं हा त्याचा बाणा. त्या मैफलीतही त्याने तेच केलं, असं लिहिलेलं आढळतं. त्याने धरलेली लय होरोविट्झच्या मनातल्या लयीपेक्षा बरीच संथ होती. पहिले दोन भाग होरोविट्झने कसेबसे तिच्याशी जुळवून घेतले. पण आपलं अमेरिकेतलं पदार्पण हातातून निसटतंय, असं त्याला वाटू लागलं. बीचमचंही ते पदार्पणच होतं, त्यामुळे माघार घ्यायला तोही तयार नव्हता.

तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे एक जागा येते. वाद्यवृंद चढत चढत कळसाला पोचतो आणि मग पियानोकडून ऑक्टेव्हचा लोंढा सुटतो. दोन्ही हातांत अंगठा आणि करंगळी एका सप्तकाच्या अंतरावरचा एकच स्वर वाजवतात, म्हणजे एका वेळी चार पट्ट्या. मनगटं पूर्ण सैल आणि हात विजेच्या वेगाने वर-खाली. होरोविट्झची या कामातली ताकद दंतकथेसारखी होती. दोन वर्षांपूर्वी, १९२६ च्या जानेवारीत, हॅम्बुर्गला आजारी पडलेल्या पियानोवादकाच्या जागी ऐन वेळी त्याला हाच कॉन्चेर्टो वाजवावा लागला होता. पियानोतून निघणारा आवाज ऐकून कंडक्टर ऑयगेन पाब्स्ट चकित झाला आणि मंचावरची जागा सोडून त्याचे हात पाहायला पुढे आला, असं सांगतात. न्यूयॉर्कला होरोविट्झने हेच हत्यार बाहेर काढलं. त्याने लय स्वतःच्या हातात घेतली आणि सुसाट सुटला. छडी त्याच्यामागे धावली आणि तिच्यामागे वाद्यवृंद.

टाळ्या होरोविट्झला मिळाल्या आणि त्या मिळायलाच हव्या होत्या, इतकं त्याचं कसब असामान्य होतं. पण कॉन्चेर्टो म्हणून ती मैफल फसली, असं माझं स्पष्ट मत आहे. चायकोव्हस्कीने त्या ऑक्टेव्हनंतर वाद्यवृंद आणि पियानो यांनी मिळून एक भव्य धून गायची योजना केली आहे. आधीची सगळी चढण त्यासाठीच आहे. दोघे वेगवेगळ्या वेळी पोचले तर श्रोत्याला शर्यत ऐकायला मिळते, रचना मिळत नाही.

आणखी दोन जानेवारी

होरोविट्झच्या आयुष्याने या मताची परीक्षा पाहण्याची संधीही ठेवली आहे. १९३३ मध्ये तो आर्तुरो टोस्कानिनी या कंडक्टरबरोबर वाजवू लागला आणि त्याच वर्षी टोस्कानिनीची मुलगी वांडा हिच्याशी त्याचं लग्न झालं. टोस्कानिनी लयीच्या बाबतीत कोणाचीही गय करत नसे. २५ एप्रिल १९४३ रोजी युद्धकर्जरोख्यांच्या मदतीसाठी सासरे-जावयांनी कार्नेगी हॉलमध्ये हाच कॉन्चेर्टो वाजवला. वेग जबरदस्त, तरी पियानो आणि वाद्यवृंद यांच्यात फट सापडत नाही.

१२ जानेवारी १९५३ रोजी, पदार्पणाला नेमकी २५ वर्षं झाली त्या दिवशी, होरोविट्झने पुन्हा न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर कार्नेगी हॉलमध्ये चायकोव्हस्की वाजवला. या वेळी पाहुणा कंडक्टर होता क्लीव्हलंडचा जॉर्ज सेल, शिस्तीचा कडक माणूस. होरोविट्झ तसाच आगीसारखा वाजवतो, पण सेलचा हात त्याच्या बरोबरीने चालतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत होरोविट्झने मंच सोडला आणि १२ वर्षं तो लोकांसमोर आला नाही. १९६५ मध्ये परतला तेव्हाही एकट्याच्याच मैफली केल्या. वाद्यवृंदाबरोबर वाजवायला त्याने आणखी १३ वर्षं घेतली.

८ जानेवारी १९७८, रविवार. हॉल तोच, वाद्यवृंद तोच, निमित्त पदार्पणाच्या पन्नाशीचं. होरोविट्झ ७४ वर्षांचा, पाहुणा कंडक्टर फिलाडेल्फियाचा यूजीन ऑर्मंडी ७८ वर्षांचा. या वेळी रचना होती रशियन संगीतकार आणि पियानोवादक रॅखमानिनॉव्ह याचा तिसरा कॉन्चेर्टो. १९१० च्या जानेवारीत खुद्द रॅखमानिनॉव्हने ती याच हॉलमध्ये गुस्ताव माहलरच्या संचालनाखाली वाजवली होती. १९२८ च्या पदार्पणाआधी काही दिवस होरोविट्झने न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कंपनीच्या तळघरात ती रॅखमानिनॉव्हला ऐकवली, तेव्हा दुसऱ्या पियानोवर वाद्यवृंदाचा भाग रॅखमानिनॉव्हने स्वतः वाजवला. आणि १९३९-४० मध्ये रॅखमानिनॉव्हने ती ध्वनिमुद्रित केली, तेव्हा संचालन ऑर्मंडीने केलं होतं. म्हणजे मंचावरच्या दोघांनीही ही रचना थेट तिच्या कर्त्याच्या हातून घेतली होती.

१९७८ च्या त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. होरोविट्झची बोटं पंचविशीतली राहिलेली नाहीत. पण तो एखाद्या स्वरावर मनाला येईल तेवढा रेंगाळतो आणि वाद्यवृंद त्याच्यासाठी थांबतो. तो अचानक निघतो, तेव्हा वाद्यवृंदही त्याच्याबरोबर निघतो. ऑर्मंडी साथीसाठी नावाजलेला होता आणि ती साथ म्हणजे मागे मागे जाणं नव्हे. पियानोवादक काय करणार, हे त्याला आधी कळतं आणि छडी तो ते करण्याआधीच वर गेलेली असते.

त्याच वर्षी सप्टेंबरात होरोविट्झने हाच कॉन्चेर्टो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर पुन्हा वाजवला आणि तो दूरचित्रवाणीवरून अमेरिकाभर दिसला. कंडक्टर होते वाद्यवृंदाचे नवे संचालक झुबीन मेहता. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले मेहता हे काम घरातच शिकले. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता आणि त्याच्या तालमी पाहत झुबीन मोठे झाले. चित्रफितीत त्यांची नजर पाहण्यासारखी आहे. ती सतत होरोविट्झच्या हातांकडे जाते आणि परत येते.

हे सगळं वाचून ठेवण्यापेक्षा ऐकण्याचं आहे. १९२८ च्या मैफलीचा आवाज आपल्याकडे नाही, पण १९४३ आणि १९५३ चा चायकोव्हस्की आणि १९७८ चा रॅखमानिनॉव्ह सहज मिळतो. या क्रमाने ऐका आणि पियानोकडून वाद्यवृंदाकडे सूत्रं जातात त्या सांध्यांकडे कान ठेवा. प्रत्यक्ष पाहायचं तर मुंबईतच सोय आहे. २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात आपले हंगाम करतो आणि त्यात बाहेरचे कंडक्टर आणि एकलवादक येतात. पुढच्या हंगामात पियानो कॉन्चेर्टो असलेली संध्याकाळ निवडा, तिकीट डावीकडच्या खुर्चीचं काढा म्हणजे पियानोवादकाचे हात दिसतील, आणि शेवटच्या भागात त्या हातांइतकंच लक्ष कंडक्टरच्या छडीकडे ठेवा.